बुधवारच्या लोकांचा बास

आमच्या चर्चमध्ये नवीन आलेल्या माणसाला क्वाकू आजेकुम बोटानं दाखवावा लागतो. तो ड्रमच्या मागं, खांबाला खेटून उभा असतो. मान खाली, डोळे स्वतःच्या बोटांवर. आम्ही गाणाऱ्या बायका पुढं, झगमगीत कपड्यांत. लोक बघतात आमच्याकडं, पण नाचतात ते क्वाकूच्या बास गिटारवर, आणि याचा त्यांना पत्ताही नसतो. मी आल्टोच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांच्या, रांगेत अगदी कडेला उभी राहते, म्हणजे त्याच्यापासून हातभरावर. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "आफुआ, माझ्यापेक्षा तूच त्याच्या जास्त जवळ असतेस." मी म्हटलं, "घरी घेऊन जा बाई, मला त्याचा घाम नको."

आठवडाभर हा माणूस सुआमे भागातल्या गॅरेजांमध्ये रेडिएटर दुरुस्त करतो. गळका रेडिएटर पाण्यात बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि तिथं सोल्डर मारायचं. तिथं त्याची जीभ बरी चालते. ट्रोट्रो या खच्चून भरलेल्या प्रवासी गाड्यांच्या ड्रायव्हरांना तोडीस तोड शिव्या देतो. पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की दातखीळ बसते. मयताच्या जेवणात याच्या ताटात मटण वाढायचं राहिलं, तर हा कोरडा भात खाऊन उठेल आणि वर वाढणाऱ्या बाईचे आभार मानेल. काही लोक याला नम्रपणा म्हणतात. मला आधीपासून वाटायचं की हा एक प्रकारचा ताठाच आहे.

बास चर्चचाच होता. चार तारांचा, रंग उडालेला, आवाजाच्या बटणाच्या जागी टूथपेस्टचं टोपण बसवलेला. क्वाकू तरुण होता तेव्हापासून तोच वाजवत आला. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मग एका शनिवारी, मोठ्या घरच्या एका मयताला, भाड्यानं आणलेल्या बँडचा बासवाला जेवायला गेला आणि क्वाकूला म्हणाला, "जरा धर रे माझा." तो पाच तारांचा होता. क्वाकूनं ती खालची, जाडी तार एकदाच छेडली. मी शेजारीच मयताच्या लाल-काळ्या कपड्यात बसले होते. प्लास्टिकच्या खुर्चीतून माझ्या माकडहाडापर्यंत तो आवाज आला. क्वाकूनं लगेच तारेवर हात ठेवला, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघितलं. त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

आदूम पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात तसाच एक टांगलेला होता. क्वाकू सुटे भाग आणायला गावात गेला की वाट वाकडी करून तिथं जायचा. दुकानदार त्याला हातात घेऊ द्यायचा, पण वायर लावू द्यायचा नाही. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. म्हणाली, "दुसरी बाई असती तर मी जाऊन केस उपटले असते. लाकडाशी काय भांडू?"

स्वतःच्या पैशानं घ्यायचा तर मुलांच्या फिया होत्या. राहता राहिलं चर्च. आणि आमच्या चर्चची रीत अशी, की जुनं मेल्याशिवाय नवं येत नाही. नवा माईक कधी आला? जुन्यानं ऐन बाप्तिस्म्यात आचके दिले तेव्हा. चालतंय ना, मग कशाला, असं वडीलधारी मंडळी म्हणतात आणि पुढच्या विषयाकडं वळतात. तरी क्वाकू एकदा धीर करून प्रार्थनेनंतर ओसोफोंकडं, म्हणजे आमच्या पाद्रीबुवांकडं गेला. मी तिथंच गाण्यांचे कागद गोळा करत होते.

"बोल, क्वाकू."

"ओसोफो, ते... बासचं जरा..."

"काय झालं बासला?"

"काही नाही. तुमच्या डोक्यावरचा पंखा आवाज करतो, तेल घालू का?"

पंख्याला तेल घातलं आणि घरी गेला.

त्यानंतरच्या रविवारपासून बास खरखरायला लागला. मध्येच आवाज जायचा, मध्येच कुणी पोतं फाडल्यासारखा यायचा. ड्रमवाला याव म्हणाला, "म्हातारा खोकायला लागला." ओसोफोंना मात्र त्यात सैतानाचा हात दिसला. खरखर नेमकी प्रवचनाआधीच्या गाण्यातच कशी होते, असं त्यांनी भर सभेत विचारलं. त्यांनी बासवर हात ठेवून प्रार्थना केली, वर पवित्र तेल चोपडलं, इतकं की त्या दिवशी क्वाकूची बोटं तारांवरून घसरत होती. प्रार्थनामंडळाच्या बायकांनी उपास धरला. माआमे आकुआनं तर पाणीसुद्धा सोडलं. ही माआमे, म्हणजे आई, सगळेच तिला तसं म्हणतात; आकुआ सकाळी चौकात मक्याची लापशी विकते, एक गुडघा कायमचा सुजलेला, आणि बुधवारच्या लोकांची ती पुढारीण.

आमच्याकडं चर्चसाठी पैसे उभे करायचे तर जन्मवारानं करतात. सोमवारचे, मंगळवारचे, असे गट पडतात. एकेका वाराचं नाव पुकारलं की त्या वारी जन्मलेली माणसं रुमाल फडकवत, नाचत पुढं येतात आणि भांड्यात पैसे टाकतात. शेवटी कुठला वार पहिला ते जाहीर होतं आणि मग आठवडाभर बाजारात त्यावरून टोमणे चालतात. मी शुक्रवारची. आम्ही शुक्रवारचे बहुतेक वेळा पहिले येतो आणि ते लोकांना विसरू देत नाही. बुधवारचे कायम शेवटचे. माणसं थोडी, त्यातली निम्मी हातावर पोट असलेली. क्वाकू हे नावच बुधवारचं, तेव्हा तो त्यांच्यातलाच.

नव्या बाससाठी वार पुकारायचे ठरले. तेव्हा ओसोफोंनी क्वाकूला उभं केलं आणि विचारलं, "खरं सांग, हा दुरुस्त नाही का होणार?" सगळं चर्च त्याच्याकडं बघत होतं. क्वाकू म्हणाला, "नाही होणार, ओसोफो. मेला आता." एवढं बोलून तो खाली बसला. मला वाटलं, गरीब बिचारा, जुन्या बासचं दुःख झालंय. तो मान वर करत नव्हता, मला ते प्रेम वाटलं.

वर्गणीचा रविवार उजाडला. सोमवार आला, मंगळवार आला. बास खरखरत का होईना चालला होता. मग ओसोफो ओरडले, "बुधवार!" आणि मागच्या दारातून बुधवारचे असे आले की आम्ही शुक्रवारवाल्या माना वळवून बघतच राहिलो. सगळ्यांनी एकसारखं निळं कापड बांधलेलं. सगळ्यात पुढं माआमे आकुआ, सुजलेल्या गुडघ्यासकट, कमरेतून वाकून, पांढरा रुमाल डोक्यावर फिरवत. वाटेत क्वाकूकडं बोट करून ती गात्या सुरात ओरडली, "आमचं पोर आहे ते! आमच्या पोराचा बास आम्ही घेणार!" मागचे सगळे "आमचं पोर! आमचं पोर!"

मी क्वाकूकडं बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आणि तेवढ्यात बास बंद पडला. खरखर नाही, काही नाही. नुसता ड्रम उरला आणि बुधवारची रांग चर्चच्या मधोमध अडखळली. बास गेला की पाय कुठं टाकायचा तेच कळत नाही. माआमे आकुआ एक पाय उचललेला तशीच उभी राहिली आणि शेजारच्या खुर्चीला धरून सावरली. आमच्यातली एक टवळी ओरडली, "बुधवारचं पेट्रोल संपलं!" शुक्रवार सगळा हसला. मीही हसले.

क्वाकूनं वायर उपटली. खिशातून काडी काढली, वायर जिथं खुपसतात त्या भोकात घातली आणि कागदाची एक घट्ट घडी बाहेर खेचली. ती माझ्या सँडलपाशी पडली. वायर परत लावली. बास वाजला. आणि काय वाजला! स्वच्छ, भरदार, गेल्या कित्येक महिन्यांत वाजला नव्हता तसा. मी कागदाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली टाकली. कागद आपोआप भोकात जाऊन बसत नाही, एवढं आल्टोलाही कळतं.

पण बाकीच्यांनी कागद पाहिला नव्हता. त्यांनी ऐकला तो फक्त आवाज. माआमे आकुआनं दोन्ही हात वर केले आणि किंचाळली, "देवानं बरा केला!" बस्स. सगळं चर्च उठलं. बायका रडायला लागल्या. उपास धरलेल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बुधवारचे नाचत पुढं गेले आणि ज्यांनी आधीच टाकले होते त्यांनी आनंदानं पुन्हा टाकले. माआमे आकुआनं कमरेच्या कापडाची गाठ सोडून होतं ते सगळं भांड्यात ओतलं. ओसोफोंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी गाणं थांबवलं आणि माईक क्वाकूपुढं धरला.

"साक्ष दे, माझ्या मुला! देवानं काय केलं ते सांग!"

 क्वाकूनं माईक घेतला. मी मनात म्हटलं, आमेन म्हण आणि सुटका करून घे, मेल्या. मी कुणाला सांगणार नाही. एक आमेन म्हणायला काय लागतं?

"देवानं काही केलं नाही," क्वाकू म्हणाला.

ओसोफो हसत होते, ते हसू तसंच राहिलं.

"मीच केलं. भोकात कागद कोंबला होता. दर रविवारी. बास चांगला आहे. कधी बिघडलाच नव्हता." त्यानं माईक दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही तेल लावलंत," तो ओसोफोंना म्हणाला, "बायकांनी उपास केले. मी बघत होतो. मला वाटलं तेल-उपास तेवढ्यावर थांबतील आणि चर्च नवा बास घेईल."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. यावनं काठ्या मांडीवर ठेवल्या. क्वाकूची बायको सोमवारच्या रांगेत होती. तिनं तोंडावर पदर ओढावा तसं डोक्याचं फडकं पुढं ओढलं. मला माझीच लाज वाटायला लागली, कशाची ते कळत नव्हतं. बहुतेक मघाच्या हसण्याची.

माआमे आकुआ त्याच्यापाशी गेली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि क्वाकूलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं गाल पुढं केल्यासारखी मान वळवली.

"तुला दुसरा हवा होता?" तिनं विचारलं.

"हो, माआमे."

"का?"

"त्याचा आवाज खोल आहे. मला... मला आवडला. बस, तेवढंच."

"मग तसं सांगायचं ना, गाढवा!" ती ओरडली. "मला आवडलाय, मला घेऊन द्या, एवढं म्हणता आलं नाही तुला? एवढी वर्षं आम्हाला नाचवतोस, आणि तुला वाटलं आम्ही मोडक्या बाससाठी देऊ पण तुझ्यासाठी देणार नाही? आम्हाला इतकं हलकं समजलास?"

 क्वाकूनं माईक यावच्या हातात दिला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला. त्या दिवशी शेवटची गाणी आम्ही बासशिवाय म्हटली आणि कुणी नाचलं नाही.

पैसे मोजले तर बुधवारचे पहिले निघाले, आणि ते परत करायचे का यावर बरीच वादावादी झाली. ओसोफो दुखावले होते. त्यांनी भर चर्चमध्ये चमत्काराची साक्ष मागितली होती. क्वाकू त्यांच्या घरी जाऊन गुडघे टेकून आला. पैसे छपरासाठी वापरा, मला बास नको, असं सांगून आला. पण बुधवारचे ऐकेनात. माआमे आकुआ म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा आम्ही पहिले आलोय. ते पैसे ज्या नावानं दिले त्याच नावानं जातील. त्याला नको असेल तर त्यानं आधी विचार करायचा होता." आणि ती दोघाचौघांना घेऊन स्वतः आदूमला गेली, दुकानदाराशी तासभर घासाघीस केली आणि तो पाच तारांचा बास डोक्यावर घेऊन आली.

क्वाकूनं नव्या बासच्या पेटीला हात लावला नाही. रविवारी यायचा, जुनाच घ्यायचा, खांबाला खेटून वाजवायचा. लोक त्याला काही बोलत नव्हते, उलट जास्तच गोड बोलायचे. मयताच्या जेवणात आता त्याला पहिलं मटण वाढायचे आणि तो मान खाली घालून ते खायचा. शेवटी एका रविवारी, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, माआमे आकुआ लंगडत आली आणि पेटीवर काठी आपटली.

"काढ."

"माआमे, मला नको—"

"तुला हवा की नको ते मी विचारलेलं नाही. आमचा बुधवार पेटीत झोपलाय. काढ."

त्यानं काढला. वायर लावली. आणि ती खालची तार छेडली. माझ्या पायाखालची फरशी हलली. आमच्या मागच्या बाकावरच्या बायका एकदम "ऊऽऽ" म्हणाल्या आणि हसायला लागल्या. गाणं सुरू झालं तसे बुधवारचे मधल्या वाटेत उतरले, कुणी पुकारायच्या आधीच. माआमे आकुआ नाचत होती. ती थकली तरी थांबली नाही. क्वाकू भिंतीकडं तोंड करून वाजवत राहिला, प्रार्थना संपेपर्यंत एकदाही वळला नाही.

नंतर सगळे बाहेर पडल्यावर तो पेटी बंद करत होता. मी जवळ गेले. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, "क्वाकू, आवाज खरंच खोल आहे रे. तुझं बरोबर होतं."

त्यानं दोन्ही खिट्ट्या लावल्या.

"वाईट निघाला असता तर बरं झालं असतं, आफुआ," तो म्हणाला, आणि पेटी उचलून बायकोच्या मागोमाग चालू लागला.