डब्याचा नवा पत्ता

मी ते गाण्यांचं अ‍ॅप घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. माझी मोठी बहीण, अक्का, त्यावरून मला अजून हट्टी म्हणते. म्हणू दे.

आमच्या घरात वडिलांना अण्णा म्हणायचे. अण्णा काही गवई नव्हते. कामावरून आले की हातपाय धुवायचे, पेटी पुढे ओढायचे आणि गायचे. गाणी आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरांतली. ओळ मराठीत सुरू व्हायची आणि कन्नडमध्ये संपायची. ते स्वतःच टेप लावून ती भरून ठेवायचे. ते गेल्यावर कॅसेटींना बुरशी लागली, तेव्हा जेवढं वाचलं तेवढं मी संगणकावर उतरवलं आणि घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या एका डब्यात ठेवलं. हॉलमधला प्लेअर त्या डब्यातून गाणी घेऊन वाजवायचा. नजर अधू झाल्यापासून आईची सकाळ म्हणजे कॉफी आणि अण्णांचा आवाज. दुसरी प्रत काढून ठेवा, असं मी बोम्मसंद्रातल्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना बजावत असतो. घरी मी ती काढली नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा असते. शिलाई मशीन, स्कूटर, लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू लागतं आणि दशमीच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आई म्हणाली, "तो डबा वर्षभर रात्रंदिवस राबतो रे. त्यालाही विसावा दे." मी तो बंद करून पाटावर ठेवला, वर झेंडूचं फूल वाहिलं. हॉलमधला प्लेअर मात्र चालूच राहिला. त्याला पूजेत बसवायचं कुणाला सुचलंच नाही.

दशमीला डबा पुन्हा जोडला. प्लेअर म्हणाला, एकही गाणं नाही.

मी प्लेअर बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. लॅपटॉपवरून डबा उघडायला गेलो, तर तिथेही सापडेना. आई कॉफीचा पेला हातात धरून बसली होती. "काय झालं?" तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णांची गाणी गेली, आई."

गेली. हा शब्द तिने असा याआधी एकदाच ऐकला होता, तोही माझ्याच तोंडून, हॉस्पिटलच्या दारात, अण्णांसाठी. ती "बरं" म्हणाली. पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची मागच्या बाल्कनीत न्यायला लावली आणि प्लेअरचं नावही काढलं नाही. मला एवढंच म्हणाली, "आता उगाच उकरू नकोस."

बनशंकरीहून अक्काचा फोन आला. "अरे, कारखान्यात एवढाली मशिनं चालवतोस आणि घरातला डबा चालेना?"

"बघतोय ना."

"कुंकू जास्त झालं असेल. थोडा अंगारा लाव!" मग जरा मऊ होऊन म्हणाली, "ऐक, एखादं अ‍ॅप घे. त्यात जगातली सगळी गाणी असतात."

"अण्णांची आहेत?"

"सरी, बरं बाबा," ती म्हणाली, "कर काय करायचं ते."

प्लेअरच्या कंपनीतल्या माणसाने फोनवर हिंदीत सांगितलं, सगळं पुसून नव्याने सुरू करा. मी म्हटलं, पुसणार नाही. तो म्हणाला, मग आम्ही काही करू शकत नाही. मी म्हटलं, करू नका. त्या दिवशी मला सगळे एकच सांगत होते, सोड. आईसुद्धा. पण 'गेली' हा शब्द तिच्या कानावर मीच घातला होता, आणि तो खोटा पाडणं माझंच काम होतं.

डब्यावरचा दिवा तर लुकलुकत होता. म्हणजे तो जिवंत होता, फक्त आम्ही चुकीच्या दारावर थापा मारत होतो. मी राऊटरचं पान उघडलं. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक क्रमांक देतो, तोच त्याचा पत्ता. डबा रात्रभर बंद राहिल्यावर राऊटरने त्याचा जुना क्रमांक बायकोच्या फोनला देऊन टाकला होता आणि परत आलेल्या डब्याला नवा दिला होता. लॅपटॉप अजून जुन्याच दारावर उभा होता. प्लेअरने रात्रीच्या तपासणीत तिथे डोकावून पाहिलं, काही दिसलं नाही, म्हणून आपली यादीच कोरी केली. गाणी जागची हलली नव्हती. मी डब्याचा पत्ता कायमचा बांधून टाकला, प्लेअरला तो दिला आणि शोधायला लावलं. पडद्यावरचा आकडा वाढू लागला.

आईला मी काहीच सांगितलं नाही. शब्दांवर माझा भरवसा उरला नव्हता. नुसता आवाज मोठा केला, मागच्या बाल्कनीपर्यंत पोचेल इतका.

पेटीचा भाता हलला, अण्णा खाकरले, गाऊ लागले. मधेच थांबून टेपमध्येच म्हणाले, "अगं, कुकर बंद कर गं, शिट्ट्या मोजवेनात."

बाल्कनीतून आईचा आवाज आला, ठसक्यात, "केलाय हो केव्हाच!"

गाणं पुढे सरकलं. थोड्या वेळाने भिंतीला हात लावत ती हॉलच्या दारात आली.

"मागे घे," ती म्हणाली. "मी बोलले, त्यात त्यांचं पुढचं ऐकायचं राहिलं."