हळूबाई आणि पहिला चिंचोका

हळूबाई मुलांची पाटी कधी बघत नसत. त्या ओठ बघत. आम्ही चिंचोके मोजायला बसलो की खिडकीखालच्या आपल्या चटईवर मांडी घालून, गालाला हात लावून त्या आमच्या तोंडाकडे इतक्या शांतपणे पाहत राहायच्या, की आपण मोजतोय की झोपतोय हेच आम्हाला कळेनासं व्हायचं. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं. पण बऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या त्या मराठी शाळेत त्यांना सगळे हळूबाईच म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या वर्गात पाढ्यांचा गजर चाले. आमच्या बालवर्गात सकाळभर नुसती कुजबूज. बाई फरशीवर चिंचोक्यांचे दोन ढीग ओतायच्या आणि विचारायच्या, "जास्त कुठं?" मोजायचं नाही, नुसतं बघायचं. मग जोड्या लावायच्या. इकडचा एक, तिकडचा एक. ज्याला सोबती मिळाला नाही तो जास्तीचा. कुणी घाईनं आकडा फेकलाच तर म्हणायच्या, "हळू रे राजा. आकडे कुठं पळून चाललेत?" खिडकीतून तापीवरचा गार वारा यायचा आणि चिंचोके खुळखुळायचे. आजही तो आवाज कानावर पडला की मला पेंग येते.

मी जैनाबादची. रोज होडीतून नदी ओलांडून यायची. नदीवर धुकं असलं की पलीकडचा घाट दिसायचा नाही, आणि मला वाटायचं, बाई धुक्यातच कुठंतरी बसल्या आहेत. बाईंच्या जोड्या मी झटकन लावायची, पण मोजायला लागले की एक हरवायचाच. सात चिंचोक्यांचे सहा व्हायचे. हेडमास्तरांनी बाबांना बोलावून मुलगी मंद आहे असं सांगून टाकलं. घरात धाकटा भाऊ रांगत होता, आईला शेतात जावं लागे. बाबा म्हणाले, "पोरीले गिनती येत नाही तं शाळा कायले? घरी राहून लहान्याले सांभाळीन." होळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर शाळा बंद. मला आकड्यांचं काही वाटत नव्हतं. बाई दिसणार नाहीत याचं रडू यायचं.

एका रविवारी हळूबाई आमच्याकडे आल्या. त्यांना पाण्याची भारी भीती. होडीचा काठ घट्ट धरून, डोळे मिटून आल्या होत्या म्हणे. बाबांना समजवायचं म्हणून आलेल्या बाई खळ्यावर येऊन गप्पच उभ्या राहिल्या, कारण बाबा ज्वारी मापत होते आणि मापताना माणसाला अडवायचं नसतं. पहिली पायली त्यांनी कपाळाला लावली, "लाभ" म्हणाले आणि पोत्यात ओतली. मग दोन, तीन, चार. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बाबांच्या मापाकडे बाईंचं लक्षच नव्हतं. त्या माझे ओठ बघत होत्या. पहिल्या पायलीला ते मिटलेले होते, दुसरीला "एक" म्हणून हलले.

बाई माझ्याजवळ कडब्यावर बसल्या. "पहिली का नाही गं मोजलीस?"

"ती देवाची आहे."

हळूबाई हसल्या. तेही सावकाश, आधी डोळ्यांत, मग गालांवर. बाबांना म्हणाल्या, "भाऊ, पोरगी मंद नाही. तुम्ही लाभ म्हणून पहिली धरता, ही ती देवाला देऊन मोकळी होते." मग माझ्या केसांतलं कुसळ काढत म्हणाल्या, "पहिली देवाचीच हो. पण त्यालाही गणतीत धरायचं. नाहीतर त्याला वाटेल, मला विसरले."

बाबा रिकामी पायली हातात फिरवत राहिले. मग ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "मोज बरं." मी लाभ म्हणाले, दोन म्हणाले, आणि ढीग संपेतो चुकले नाही. "जाय उद्या शाळेत," एवढंच ते बोलले.

पुढच्या वर्षी राज्यांची नवी मांडणी झाली. बऱ्हाणपूर हिंदी मुलखात राहिलं आणि बाईंच्या यजमानांची नोकरी अमरावतीकडे गेली. मोठी माणसं पारावर त्यावरून तावातावानं भांडत. आम्हाला एवढंच कळलं की बाई चालल्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी चिंचोके ओतलेच. "आता गिनती हिंदीत शिकाल. शिका हो," त्या म्हणाल्या. "चिंचोके तेच आहेत."

नव्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी मला उभं केलं. "बेटी, क्लास में कितने जन हैं, गिनके बताओ." मी सावकाश मोजलं. गुरुजींनी स्वतः मोजून पाहिलं आणि म्हणाले, "एक ज्यादा बता रही हो." मुलं हसली. मी खाली मान घालून बसले, पण माझं चुकलं नव्हतं.

सुरुवात मी खिडकीखालच्या रिकाम्या चटईपासून केली होती. मनात लाभ म्हणून.