एका वायरीवर दोघांचे अल्बम

आम्ही दोघं भाऊ प्रत्येक अल्बम अर्धा अर्धा ऐकत होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. दहावी झाल्यावर त्यानं शाळा सोडली आणि निपाणीहून बेंगळुरूला आला. तेव्हापासून तो पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेस चालवतो. पत्र्याची पट्टी साच्याखाली सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो आणि खाली कापलेला तुकडा पडतो. दिवसभर हेच. गावी आई विड्या वळायची, दादा इथून घर सांभाळायचा आणि मी शिकत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी कुणालाही सांगतो, कारण ती पदवी माझी एकट्याची नाही.

शिक्षण संपल्यावर मला बेंगळुरूतच, एचएसआर लेआउटमध्ये सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी लागली. पहिल्या पगारात दादासाठी चांगले इअरफोन घेतले. बिनवायरीचे घेणार होतो, तो म्हणाला, ते पत्र्याच्या भंगारात कुठं शोधू? म्हणून वायरीचे घेतले.

हिप-हॉपचा नाद मात्र त्यानं मला लावला, मी त्याला नाही. त्याच्या खोलीत ओडिशाचा एक सोबती होता, त्या सोबत्याच्या फोनवर दादा ऐकायचा. कॉलेजात असताना मला वाटायचं, ही नुसती बडबड आहे. दादा म्हणायचा, बडबड नाही, काम आहे. नोकरी लागल्यावर दर रविवारी मी बस आणि मेट्रो करून पीण्याला जायचो. सोबती बाहेर गेलेला असायचा. दादा खाटेवर भिंतीच्या बाजूला, मी त्याच्या उजव्या हाताला. मधे इअरफोनची एकच वायर, उजवी गोळी त्याच्या उजव्या कानात, डावी माझ्या डाव्या. नियम दादाचे होते. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, एकही गाणं पुढे ढकलायचं नाही, मधे बोलायचं नाही. बोलणं नंतर, खालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी पिताना.

पहिला अल्बम मुंबईच्या एका मुलाचा होता, अर्धा मराठी, अर्धा हिंदी. घरीच रेकॉर्ड केलेला असावा, कारण दोन गाण्यांच्या मधे पंख्याचा आवाज येतो. इमारतीची लिफ्ट बंद आहे आणि तो खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन सात मजले चढतोय, एवढाच विषय. सात गाणी, सात मजले. मजल्यागणिक त्याचा श्वास आखूड होत जातो, वाक्यं लहान होत जातात. सहाव्या मजल्यावर त्याच्या मागे, फार लांबून, एक बाई कुणाला तरी जेवायला हाक मारत राहते. सबंध अल्बममध्ये मला ती हाक सगळ्यात आवडायची. चढणाऱ्याला कुणी बोलवत नाहीये, ती दुसऱ्याच कुणाला तरी बोलवतेय, आणि तो तिच्या दारावरून वर जातो. मी हे दादाला कधी बोललो नाही. ऐकलंच असेल, त्यात सांगायचं काय, असं वाटायचं. दादानं कॉफी संपवून एवढाच निकाल दिला, “दमतोय गडी, पण ठोका चुकत न्हाई.”

त्याची सगळी परीक्षा ठोक्यावर. माझी अर्थावर. अमेरिकेतल्या एकाचा अल्बम आम्ही घेतला तेव्हा मी आठवडाभर आधी फोनवर शब्द वाचले, परीक्षेसारख्या वहीत नोट्स काढल्या. जुन्या ट्रम्पेटचे तुकडे जोडून केलेलं संगीत, आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेतानं बोलणारा माणूस. आईबद्दल, गल्लीबद्दल, मेलेल्या मित्राबद्दल. मी दर्शिनीत उभा राहून दादाला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तू सांगतोस त्याच्यापेक्षा तो कमी बोलतोय. मग विचारलं, त्याची आई काय काम करायची? ते माझ्या वहीत नव्हतं.

कन्नड अल्बमच्या वेळी उलटं झालं. माझी शाळा मराठी, कन्नड पास होण्यापुरतं. दादाला मात्र कारखान्यानं कन्नड शिकवलं होतं. इंदिरानगरमध्ये जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराला लिफ्टमधून जाऊ देत नाहीत आणि तो वॉचमनशी हुज्जत घालतो, असं एक गाणं होतं. वॉचमनही त्याच्याच तालुक्याचा निघतो. दादा इतका हसला, की वायर ओढली जाऊन माझ्या कानातली गोळी पडली. मधे बोलायचं नाही हा नियम त्यानंच मोडला आणि मला एकेक ओळ समजावली. ते समजावताना त्याचा चेहरा मास्तरासारखा झाला होता. शिकला असता तर, असं मला वाटून गेलं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका रविवारी दादा माझ्याकडे एचएसआरला आला. मी राहतो ती जागा त्याला दाखवली आणि सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. बाकाच्या डाव्या टोकाला कबुतरांची घाण होती, म्हणून मी तिकडे रुमाल पसरून बसलो आणि दादा माझ्या उजवीकडे बसला. पहिल्यांदाच अशी अदलाबदल झाली. वायर सोडवून त्यानं एक गोळी डाव्या कानात घातली. अल्बम नवा होता, दिल्लीच्या एका मुलीचा. ती पहिल्याच गाण्यात दम न घेता बोलत सुटली होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आता दादाला ठोका सापडला असेल.

मिनिटभरानं तो म्हणाला, “आज ह्यात कोण बोलत न्हाई व्हय? नुसतंच वाजतंय.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याच्याकडे बघितलं. तो तळ्याकडे बघत, मुलीनं बोलायला सुरुवात करायची वाट बघत होता.

मी माझी गोळी काढून त्याला दिली आणि उजव्या कानात घालायला सांगितली. त्यानं घातली, थोडं ऐकलं. मग दोन्ही गोळ्या काढून वायर बोटाभोवती गुंडाळू लागला. कधीपासून, असं मी विचारलं.

“स्वल्प हाय की. दोनेक वर्षं.”

“मला बोलला नाहीस?”

“काय करणार हुतास सायेब?”

टोमणाच होता तो, रागानं म्हटलेला नव्हता.

मग मला एकेक आठवत गेलं. खाटेवर भिंतीची बाजू त्यानं कधी सोडली नव्हती. आईचा फोन आला की तो हात बदलून उजव्या कानाला लावायचा. रस्त्यात डावीकडून काही बोललो तर ‘हां हां’ म्हणायचा. मी समजायचो, दादा विचारात आहे.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली आणि हातात एक कागद मिळाला. दोन रेघा, एक उजव्या कानाची, एक डाव्याची. डावी उताराला लागून खोल गेलेली. उजवीही शेवटी थोडी वाकलेली. ढोलासारखे जाड आवाज ऐकू येतात, बोलण्यातली बारीक अक्षरं जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेलेलं परत येत नाही. शेजारच्या मोठ्या प्रेसचा आवाज डाव्या बाजूनं येत असेल, म्हणून तो कान आधी गेला. इतकं शिकून मला तो आलेख वाचता आला, एवढंच.

मी डॉक्टरांना विचारलं, इअरफोनमुळे असेल का? मीच घेऊन दिले होते. त्यांनी विचारलं, किती वेळ ऐकता? रविवारी तासभर. त्यांनी मान हलवली. इअरफोनमुळे नाही, प्रेसमुळे आहे. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. इअरफोनमुळे असतं तर मी ते काढून घेऊ शकलो असतो.

एका शनिवारी मी कारखान्यात गेलो. तिथले सुपरवायझर वयस्कर, सज्जन. मला सर म्हणाले, चहा मागवला आणि ड्रॉवर उघडून कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांचा खोका दाखवला. कुणीही घ्यावेत, कुणी घेत नाही, असं ते ओरडून सांगत होते. प्रेस बंद झाल्यावरही त्यांचा आवाज खाली आला नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नव्हतं.

दादा घेत का नाही, ते त्यानं मला प्रेसपाशी उभं करून समजावलं. त्यानं चार ठोके मारले आणि विचारलं, काय फरक कळला? मला चारही सारखे वाटले. तिसरा जड होता, तो म्हणाला. साचा घसरायला लागला, की आधी ठोका जड होतो, मग मशीन दगा देतं. त्याआधीच हात मागे घ्यायचा. हे कानानंच कळतं. बोळे घातले की सगळे ठोके एकसारखे.

“कान गेला तर निभंल. बोटं ऱ्हायला पायजेत.”

दाही बोटं पसरून त्यानं मला दाखवली. एवढ्या वर्षांत ती शाबूत राहिली, हा त्याचा अभिमान होता आणि तो रास्तच होता. मी म्हटलं, हे काम सोड, माझ्याकडे ये, दुसरं काही बघू. तो म्हणाला, दुसरं मला येतं काय? अजूनही दर रविवारी मी तेच म्हणतो, आणि तो तेच उत्तर देतो. मधे एकदा म्हणाला, बोळा घालायला लागलोय बघ. मला इतका आनंद झाला. कुठल्या कानात, असं विचारलं तर म्हणाला, डाव्यात, तुझं मन ऱ्हावं म्हणून.

आईला काही सांगायचं नाही असं ठरलं आहे.

माझ्या हातून एकच गोष्ट झाली. गाण्यातले काही आवाज फक्त डाव्या गोळीत येतात, काही फक्त उजव्या; पण फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं. ते दाबलं, की दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र होऊन दोन्ही गोळ्यांत सारखेच येतात. ज्यांचा एक कान चालत नाही त्यांच्यासाठीच ते केलेलं असतं. दोन वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचंच काम करूनही मला ते वापरावं लागलं नव्हतं. पुढच्या रविवारी ते चालू केलं आणि दादाला काही न सांगता मुंबईचा तो पहिला अल्बम लावला. आवाज जरा सपाट झाला होता, इमारतीची रुंदी गेल्यासारखा. पाचव्या मजल्यापर्यंत दादा नेहमीसारखा मान हलवत होता. सहाव्यावर त्यानं माझा गुडघा धरला.

“बाई हाक मारती,” तो म्हणाला. “जेवायला बोलवती कुणाला तर.”

मी म्हटलं, हो.

“हे आधीपासनं हुतं?”

“पहिल्यापासून. डाव्या बाजूला आहे ते.”

“मग सांगायचं न्हाईस व्हय रे?”

मला वाटायचं तू ऐकतोस, असं मी म्हणालो. त्यानं गाणं मागे घ्यायला लावलं. नियम मोडून तीन वेळा मागे घ्यायला लावलं. प्रत्येक वेळी बाई येण्याआधी तो डोळे मिटायचा. मग त्यानं विचारलं, बाकीच्यांत काय काय ऱ्हायलंय डावीकडं? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडून उजवीकडचं काय काय राहिलं होतं तेही मी कधी विचारलं नव्हतं.

आता आम्ही सगळे अल्बम पहिल्यापासून पुन्हा ऐकतोय. कन्नडवाला झाला, ट्रम्पेटवाला झाला. त्यात डावीकडे कुणीतरी खोकतं, ते ऐकून दादा खूश झाला. आपल्या कारखान्यातला माणूस वाटतो म्हणाला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. उजव्या कानाची रेघ कुठवर वाकली ते तेव्हा कळेल.

परवा तळ्यावर ऐकलेल्या दिल्लीच्या मुलीच्या अल्बमचा नंबर लागला. ती बोलायला लागली तसा दादा पुढे वाकला, शब्द पकडायला. मी आवाज दोन घरं कमी केला, उरलेल्या कानाला त्रास नको म्हणून. त्यानं माझ्याकडे न बघता माझ्या हातातला फोन घेतला आणि आवाज पुन्हा वाढवला.