वळवून न पाहिलेला खेळाडू

दौंडच्या मामांनी मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण शिरूरमध्ये ही गोष्ट उलटी सांगतात.

मी बैलबाजारातला दलाल. बापानं मागे काहीच ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते जनावर पारखायच्या डोळ्यांवर. कारेगावला कंपन्यांत कामाला असलेल्या पोरांचा फुटबॉल संघ मी हाती घेतला, तो फक्त चहाच्या टपरीवर एकजण "हे तुमचं काम न्हाई" म्हणाला म्हणून.

संघाला गोल मारणारा हवा होता. दौंडला मामा संघ चालवतात; नात्यानं माझे कुणी नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांचा पोरगा होता, आदल्या मोसमात त्यानं धुमाकूळ घातला होता. आणि मामा त्याला बाकावर बसवून ठेवत होते! मालकाला मालाची किंमत कळत नसली की मला फार आनंद होतो.

गेलो. पोराला उभं केलं, मागून-पुढून पाहिलं, पोटऱ्या चाचपल्या. त्याला गुदगुल्या झाल्या.

"काका, दात पण बघता का?"

"गप. पळ."

बैलगाडा शर्यतीत पळवतात तसा पळवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वारा नुसता!

बदल्यात मी माझे दोन बचावपटू आणि गोलच्या दोन नव्या जाळ्या देऊ केल्या. मामा लगेच म्हणाले, "न्या." माझ्याशी बोलताना कुणी लगेच "न्या" म्हणत नाही. तिथंच थांबायला हवं होतं. मी उलट एक जाळी कमी केली आणि खुशीत घरी आलो.

शिरूरच्या चौकात फ्लेक्स लावला, 'आपला वाघ'. माझा फोटो त्याच्यापेक्षा जरा मोठा होता, पण वाघ तोच. पहिल्याच सामन्यात तीन गोल मारणार, असं मी चौकात ठणकावून सांगितलं.

विसाव्या मिनिटाला वाघानं चेंडू घेऊन डावीकडे वळण घेतलं आणि गुडघा धरून खाली बसला. शर्यतीचा बैल सरळ पळतो. वळवून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"कवापासून दुखतंय?"

"दिवाळीपासून, काका."

"मग बोलला का न्हाईस?"

"चौकात एवढा वाघ करून टांगला मला. कसं सांगू?"

मी तिथूनच मामांना फोन लावला. "मामा, माल खराब दिला."

"पाव्हणं, बाकावर काय शोभेला बसवला हुता? पोटऱ्या दाबल्या, पन मला एक शब्द इचारला न्हाई."

"तुम्ही सांगायचं हुतं!"

"आन् तुम्ही जाळी कमी केली, तवा मला इचारलं हुतं?"

फोन मी आपटला. काच माझीच फुटली.

डॉक्टरांनी काही महिने खेळू नको म्हणून सांगितलं. पण टपरीवर रोज चालू आहे, "नखरे हायेत. कामचुकार पोरगं." दोघांशी तर मी हातघाईवर आलो. पोरगा आता मैदानावर येत नाही. परवा त्यानं बॅग भरली आणि मला विचारलं, "काका, फुटबॉल सोडू का?"

फ्लेक्स मी उतरवला, माझ्या फोटोसकट. माझी चूक तेवढीच. बाकीची मामांची.

तर मामा, येत्या रविवारी कारेगावच्या मैदानावर या. टपरीवाल्यांसमोर उभं राहून सांगा, गुडघा आधीच दुखावलेला होता आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. मी सांगून उपयोग नाही, दलालाचं कोण खरं मानतो? गाडी मी पाठवतो. किती वाजता पाठवू, तेवढं बोला.