गेटवर सोडलेलं गाठोडं

तो सेक्रेटरी आता म्हातारा झाला असेल. गुडघे दुखत असतील तर दुखोत. मला त्याची जराही दया येत नाही.

दिलसुखनगरच्या आमच्या अपार्टमेंटमधला जुना वॉचमन काढून त्यानेच एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड आणला. नव्वदीनंतर लोकांकडे मारुती आल्या, रंगीत टीव्ही आले, आणि मागोमाग ही टोपीवाली, शिट्टीवाली माणसं आली. फेरीवाले आत नकोत, हा सेक्रेटरीचा पहिला हुकूम.

मला तेव्हा आठवा महिना लागला होता. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलेलं, त्यामुळे बाळंतपणाला आईच काचीगुड्याहून माझ्याकडे यायची होती. ती आली ती कडेवर गाठोडं घेऊन. बाळाच्या दुपट्यांसाठी तिच्या जुन्या मऊ सुती साड्या, लाडवांचा डबा आणि स्टीलची दोन नवी पातेली. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी आमच्या गल्लीत रोज फिरायच्या. गार्डने आईला त्यांच्यातलीच एक ठरवलं.

"बासनवालियां कू अंदर मना है, अम्मा."

"अरे बाबा, मेरी बेटी रहती ऊपर."

"सब ऐसेइच बोलते."

मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून ओरडत होते, पण रस्त्याच्या गोंगाटात कोण ऐकतंय! त्याने गाठोडं सोडलं आणि काठीने एकेक साडी उलगडली. आईची ठिगळं भर रस्त्यात. सेक्रेटरी शेजारीच उभा होता. माझा नवरा धावत खाली पोचेपर्यंत आईने सगळं गोळा केलं होतं आणि ती ऑटोत बसून निघूनही गेली होती. माझं बाळंतपण शेवटी पगारी बाईने केलं.

"गार्डने त्याची ड्यूटी केली," सेक्रेटरी नवऱ्याला म्हणाला. "सासूबाईंनी जरा बऱ्या कपड्यांत यावं."

तळमजल्यावरच्या वकिलांना आम्ही विचारलं. गार्डने नाव विचारावं, वर कळवावं. पाहुण्यांच्या सामानाला हात लावायचा त्याला अधिकार नाही, तक्रार करा, असं ते म्हणाले. तक्रारीने माझं समाधान होणार नव्हतं. मला सूड हवा होता. सोसायटीच्या मीटिंगला बाळाला खांद्यावर घेऊन गेले आणि सेक्रेटरीचं तोंडभर कौतुक केलं. म्हटलं, तपासणी सगळ्यांचीच करा, कोणालाही सूट नको. गडी असा फुलला की ठराव तिथल्या तिथे मंजूर.

मग मी वाट पाहिली. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला नवऱ्यामुलाकडची मंडळी आली, तेव्हा मी बाळासकट गेटपाशी हजर होते. गार्ड बिचकला.

"भैया, मीटिंग में सबकी तलाशी बोले ना? खोलो."

विहीणबाईंनी आणलेला शालू, दागिन्यांची डबी, सगळं एका स्कूटरच्या सीटवर उघडं पडलं, त्यांच्याच गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या देखत. सेक्रेटरी अनवाणी धावत आला, हात जोडत सुटला. विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

दुसऱ्याच दिवशी तपासणी बंद झाली. मी काचीगुड्याला गेले, आईला सगळं रंगवून सांगितलं आणि हट्टाने तिला घेऊन आले. ती ठेवणीतली रेशमी साडी नेसली होती, हातात नुसती पर्स. गार्डने सलाम ठोकून गेट सताड उघडलं. मी तोऱ्यात आत शिरले आणि वळून पाहिलं, तर आई गेटपाशीच थांबली होती. कोणी काही म्हणायच्या आत तिने पर्स उघडून त्याच्यापुढे धरली होती.