दह्याशेजारची बाटली

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावलेली होते. हे असं लिहिणं बरं दिसत नाही, पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. फोन तिच्या भावाचा होता, कागलहून. "ताई, आक्का गेली... डोक्यातली शीर फुटली म्हणं." मी नुसतं "व्हय का" म्हटलं आणि रिसीव्हर खाली ठेवला. पाच आठवड्यांपूर्वी मी तिला नको नको ते बोलले होते आणि ते भांडण मिटवायचं राहून गेलं होतं. आता ते कुणाशी मिटवायचं, ते कळेना. अजूनही कळत नाही.

आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी शाळेत मराठी शिकवते. ती कोल्हापुरातच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ तिथल्या प्रयोगशाळेत असायची. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, एकदा झिजली की आपणहून नीट भरून येत नाही. हाडाच्या मगजात ज्या मूळपेशी असतात त्या गुडघ्यात सोडल्या तर नवी कूर्चा धरेल, अशी तेव्हा आशा होती. पण नुसत्या सोडलेल्या पेशी तिथं टिकत नाहीत, बऱ्याचशा मरून जातात. म्हणून सुनंदा त्यांना समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या चिकट द्रावात कालवायची आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायची. थेंब पडला की गोठून त्याचा भिजल्या साबुदाण्यासारखा मणी व्हायचा, आत जिवंत पेशी. "भाड्याची खोली हाय बघ," ती म्हणायची. "अन्नपाणी आत येतंय, भाडेकरू बाहीर पळत न्हाय."

तर हे भाडेकरू यायचे बोकडाच्या हाडातून. हाडं ताजी लागत आणि तिला गाडी येत नव्हती, म्हणून सकाळी सातला खाटकाच्या दारात माझी स्कूटी उभी. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि माझ्या डिकीत बर्फात घातलेल्या बोकडाच्या तंगड्या! "पाया सूप करताय व्हय बाई?" खाटकानं एकदा विचारलं. "न्हाय, गुडघा दुरुस्त करतोय," सुनंदा म्हणाली. "बोकडाचा?" म्हणून तो सुरा हातात धरून बघतच राहिला. मी मात्र घरी जायच्या आधी डिकी दोनदा धुवायची, वर लिंबाची साल चोळायची. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, वास लागला असता तर माझी काही धडगत नव्हती.

अव्वाचे दोन्ही गुडघे तेव्हाच गेलेले. आधी जिना बंद झाला, मग मठात जाणं. डॉक्टरांनी सांधे बदलायला सांगितले, तर ही म्हणे, "लोखंड नको मला. सुनंदाचं मणी येऊ देत." सुनंदा दर रविवारी यायची, अव्वाचे गुडघे दाबून बघायची, दोघी तासभर बोलत बसायच्या. एकदा तिनं बुचाच्या छोट्या बाटलीत मणी आणून दिले. "कशाचं गं हे?" अव्वानं विचारलं. "शेवाळाचं." खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत सटकले. बाटली फ्रिजमध्ये गेली, दह्याच्या भांड्याशेजारी.

अशी सहा वर्षं गेली. अव्वा भिंत धरून चालायला लागली, मग एक दिवस न्हाणीघरात पडली. त्या रविवारी मी सुनंदाला दारातच गाठलं. "तू अव्वाला आशेला लावलंस. तुझे मणी अजून बोकडाला धड लागू पडत न्हाईत, आणि हिकडं माझी आई रांगायला लागली!" तिनं तोंड उघडलं... परत मिटलं. "बघू," एवढंच म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. त्यानंतर आली नाही. अव्वा रविवारी दाराकडं बघत बसायची आणि मी भांडणाचं सांगायचं टाळून कामाला लागायची.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मात्र मला राहवेना. अव्वासमोर बसून मी सगळं सांगून टाकलं. भांडण, खाटीक, डिकी, सगळं.

"बोकडाचं हाय ते म्हाईत हाय मला," अव्वा शांतपणे म्हणाली. "तू चहा टाकाय गेलीस तवाच सांगितलं तिनं. म्हणाली, अव्वा, तुमच्या गुडघ्याला हे मिळायचं न्हाय, लई वर्सं लागतील अजून. आपरेशन करून घ्या."

"मग केलं का न्हाईस?"

"सगळी हसत हुती तिला. भाऊ म्हणायचा, लगीन सोडून हाडं उकरतीया. मी लोखंड बसवलं असतं तर मी बी हसल्यागतच झालं असतं की. तिला शपथ घातलीती, आमच्या गिरजीला ह्यातलं काय सांगू नको म्हणून. तू मला वडत न्हेऊन झोपवली असतीस त्या टेबलावर."

म्हणजे त्या दिवशी दारात ती शपथ पाळत होती. मी बोलत होते आणि ती ऐकून घेत होती. कुणी कुणाला फसवलं, मी आता कुणावर रागवायचं, काही उमजत नाही. अव्वावर रागवावं तर तिचे गुडघे दिसतात. स्वतःवर रागवायला लागले की सुनंदाचाच राग येतो, शपथ मोडली असतीस तर काय झालं असतं गं... आणि मग रडू येतं.

"घे आता तारीख," अव्वा म्हणाली. "आता कुणासाठी थांबू?"

पुढच्या सोमवारी तिला दवाखान्यात न्यायचंय. काल मी फ्रिज धुवायला काढला. बाटलीतलं पाणी गढूळ झालंय, मणी तळाशी बसलेत. त्यांत सुनंदानं पेशी घातल्या होत्या की रिकामेच आणले होते, हे मी तिला कधी विचारलं नाही. असतील तरी केव्हाच मेल्या असतील. मी बाटली कचऱ्याच्या डब्याकडं न्यायला लागले, तर अव्वानं खाटेवरून बघितलं.

"ऱ्हाऊ दे ती."

"अव्वा, त्यात बोकड हाय."

"मग? दही झाकून ठेव."

मी दह्यावर ताटली ठेवली आणि बाटली होती तिथंच परत ठेवली.