मोटेच्या कातड्याचा ब्रेक

आमचे दाजी, उत्तरेश्वर, बीडच्या तहसील कचेरीत चपराशी. निजामाचं राज्य होतं, आणि कुठल्याशा साहेबाच्या जुन्या सामानातून त्यांना एक सायकल मिळाली. मिळाली कसली, गळ्यात पडली! चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पायांना दम खायची सोय नाही. ब्रेक एकच, पुढच्या चाकाला. त्या सायकलीवर दाजी रोज टपाल घेऊन घाट चढून मांजरसुंब्याला जायचे आणि घाट उतरून परत बीडला यायचे.

उतारावर पायडल असे गरगरायचे की दाजी दोन्ही पाय वर हँडलवर टाकायचे. एका भुरभुर पावसात ब्रेकचं रबर ओल्या चाकावरून घसरलं आणि दाजी थेट सटवा धनगराच्या कळपात! मेंढरांना खरचटलंही नाही, दाजींचा खांदा निखळला.

"मेंढरं मऊ होती म्हणून वाचलास बे," सटवा म्हणाला.

दाजींची बायको म्हणजे माझी थोरली बहीण, मुक्ताआक्का. तिनं खांदा बसवून घेतला, शेकून बरा केला, अन् मग लिंबागणेशला माहेरी निघून आली. "रोज दिवस मावळंपतूर दारात हुबं ऱ्हायचं, आन् आज कुंकू ऱ्हातंय का जातंय ते बघायचं? मला न्हाई जमायचं. ब्रेक लागंल त्या दिशी येईन."

नोकरी सोडून खायचं काय? दाजी दोनदा न्यायला आले, दोनदा हात हलवत परत गेले. तिसऱ्यांदा आले ते औरंगाबादहून नवं कोरं रबर मागवून, छाती काढून.

"दावा," आक्का म्हणाली.

मोट ओढताना बैल उतरतात ती विहिरीची धाव तिनं निवडली. चाकावर घागरभर पाणी ओतलं. "पाऊस काय तुमाला इचारून पडतो?" दाजी निघाले ते ब्रेक दाबत दाबत कडब्याच्या गंजीत! आमचा बाप, बद्रीनाथ पाटील, हसून हसून खाली बसला. मीही हसले. दाजी कडबा झाडत उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला लई वाईट वाटलं.

"कावून रडायलात? थांबा." आक्कानं बाभळीवर टांगलेली जुनी मोट खाली ओढली. "हे कातडं जल्मभर पाण्यातच हाय. भिजलं की जास्तच धरतं." विळ्यानं दोन तुकडे कापले आणि रबराच्या जागी बसवले.

पुन्हा पाणी, पुन्हा धाव. मध्यावर सायकल किंचाळली आणि जागच्या जागी थांबली. दाजी हँडलवर पालथे पडले, पण थांबले!

"लागला! लागला!" ओरडत त्यांनी मागं बघितलं, तर आक्का गायब. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात ती घरातून गाठोडं घेऊन आली.

"गाडी जुंपतो," बाप म्हणाला.

"कावून? ब्रेक लागतोय न्हवं?" आणि अख्ख्या गावादेखत ती टपालाच्या कॅरियरवर बसली. बया बया! बायांनी तोंडाला पदर लावले. मी शरमेनं अर्धी झाले, पण आतून लई भारी वाटलं.

पुढं दरसाल पावसाळ्याआधी आक्का मोटेचे नवे तुकडे कापायची. दाजी सव्वीस वर्षं तो घाट उतरले. गेले ते ऐंशीव्या वर्षी, घरात, खाटेवर, आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून. रडता रडता ती माझा हात धरून म्हणाली, "चतुरे, घाटानं न्हाई नेलं गं त्यांना."